चवदार तळ्याच्या वाटेवरचे धरण

दरवर्षी २० मार्चला पुणे आणि पिंपरी-चिंचवडहून महाडला निघालेल्या गाड्यांपैकी बऱ्याच गाड्या पौडमार्गे ताम्हिणी घाटाने खाली उतरतात. पुढे निळा झेंडा, आत भीमगीते, खिडकीशी पोरे. पौड मागे पडले की थोड्याच वेळात रस्त्याच्या कडेने एक अफाट पाणी सोबत करू लागते. डोंगराच्या सोंडा पाण्यात उतरलेल्या, काठावर कोणाकोणाचे बंगले आणि हॉटेले. दोन वर्षांपूर्वी आमच्या गाडीतल्या एका कॉलेजच्या मुलाने मोबाईलवर फोटो काढता काढता विचारले, "काका, हे तळे कोणाचे?" गाडीत हशा पिकला. चवदार तळ्याला निघालेल्या माणसाला वाटेत दुसरे तळे दिसावे आणि त्याने ते कोणाचे म्हणून विचारावे, याचे सगळ्यांना हसू आले. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. महाड येईपर्यंत तो माझ्या डोक्यातून गेला नाही.

त्या तळ्याचे नाव मुळशी. ते टाटांचे आहे. नीला आणि मुळा या सह्याद्रीतल्या दोन डोंगरी नद्यांच्या संगमाजवळ टाटा पॉवर कंपनीने हे धरण बांधले आणि अडवलेले पाणी पूर्वेकडे भीमेच्या खोऱ्यात न सोडता बोगद्यातून आणि नळांतून पश्चिमेला, सह्याद्रीच्या कड्यावरून सुमारे पाचशे मीटर खाली भिऱ्याच्या वीजघरात टाकले. भिरा तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातले. भिऱ्याची वीज मुंबईला जाऊ लागली ते साल १९२७. त्याच वर्षी, त्याच कुलाबा जिल्ह्यात, बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. एका जिल्ह्यात एकाच वर्षी पाण्याच्या या दोन गोष्टी घडल्या. एका ठिकाणी मुंबई कायदेमंडळाचा १९२३ चा बोले ठराव आणि महाड नगरपालिकेचा १९२४ चा ठराव हातात असूनही माणसाला ओंजळभर पाणी पिण्यासाठी डोकी फोडून घ्यावी लागली. दुसऱ्या ठिकाणी एका कंपनीने अख्खी नदी उचलून डोंगराच्या पलीकडे नेली आणि सरकारने तिला कायद्याचा हात दिला. आपण पहिली गोष्ट दरवर्षी सांगतो, सांगितलीच पाहिजे. दुसरीच्या काठावरून आपली गाडी दरवर्षी जाते आणि आपण तिचे नावही घेत नाही.

खासगी भांडवलाने डोंगरी नदीवर वीज काढायची ही कल्पना आज नवी म्हणून मांडली जाते. महाराष्ट्रात ती शंभर वर्षांहून जुनी आहे. टाटांची पहिली जलविद्युत कंपनी १९१० साली उभी राहिली. विलायतेतील भांडवलदारांशी जमले नाही म्हणून इथल्याच संस्थानिकांनी आणि धनिकांनी भाग घेतले. लोणावळ्याच्या परिसरात धरणे झाली आणि १९१५ पासून खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. त्यानंतर आंध्रा खोऱ्यातले पाणी भिवपुरीला उतरवले, ती वीज १९२२ ला सुरू झाली. तिसरा नंबर मुळशीचा. देशी पैसा, देशी कंपनी, देशी उद्योग अशी त्याची वाहवा झाली. कोळशाच्या धुराने कोंडलेल्या मुंबईला स्वच्छ वीज मिळाली हेही खरे. मी ते नाकारत नाही.

पण "खासगी" या शब्दाचा अर्थ नीट पाहिला पाहिजे. कंपनीचे काय होते? भागभांडवल होते, यंत्रे होती, इंजिनियर होते. नदी कंपनीची नव्हती. सह्याद्रीवर पडणारा पाऊस कंपनीचा नव्हता. जमीन तर मुळीच तिची नव्हती. मुळशीच्या शेतकऱ्यांनी जमीन द्यायला नकार दिला तेव्हा मुंबई सरकारने १८९४ चा भूसंपादन कायदा काढला. त्या कायद्यात कंपन्यांसाठी जमीन संपादन करण्याचे स्वतंत्र प्रकरणच होते. म्हणजे नफा खासगी राहील, पण ज्याच्या जोरावर तो नफा होणार ती जमीन सरकारी बडग्याने घेतली जाईल. पुढची शंभर वर्षे खासगी धरणांची गोष्ट याच एका सूत्रावर चालली आहे.

मुळशीच्या लोकांनी हे निमूटपणे सोसले नाही. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, हजाराच्या वर माणसे धरणाच्या कामावर जाऊन बसली. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट पुढे होते. याच लढ्याने बापटांना "सेनापती" केले. बायाबापड्या तुरुंगात गेल्या, लढा तीन-साडेतीन वर्षे चालला. बावन्न गावे आणि सुमारे अकरा हजार माणसे असे आकडे मुळशीच्या इतिहासात येतात. डिसेंबर १९२४ मध्ये बापटांनी शस्त्र हाती घेऊन कामगारांची गाडी अडवली, त्यांना सात वर्षांची सजा झाली आणि सत्याग्रह संपला. धरणविरोधी लढ्यांच्या जगाच्या इतिहासात मुळशीचे नाव अगदी वरच्या ओळीत आहे. प्रा. राजेंद्र व्होरा यांनी त्यावर ग्रंथ लिहिला, त्याचे इंग्रजी पुस्तक २००९ साली निघाले. आपल्या कार्यकर्त्यांनी तो वाचावा अशी माझी विनंती आहे, कारण त्यात मुळशीची जमीन मुळात कोणाची होती याचा हिशेब आहे.

हा हिशेब महत्त्वाचा आहे. मुळशी पेट्यातली बरीच जमीन कसणाऱ्या मावळ्याच्या नावावर उरलेलीच नव्हती. ती पुण्यातल्या ब्राह्मण सावकारांकडे आणि जमीनदारांकडे गेली होती. सरकारने नुकसानभरपाईचे दार उघडले तेव्हा लढ्यात फूट पडली ती इथेच. ज्याचे पोट कर्जाच्या व्याजावर आणि खंडावर भरत होते त्याला जमिनीऐवजी रोख पैसा मिळाला तरी चालणार होते, किंबहुना बरेच होते. प्रश्न फक्त दराचा होता. ज्याचे पोट नांगरावर होते त्याला जमीनच हवी होती. "जान किंवा जमीन" म्हणत तो तुरुंगात गेला, आणि त्याच्या नावावर लिहिलेली जमीन किती, तर कोणाच्या दोन-चार एकर, कोणाची शून्य.

आणि त्याच्याही खाली कोण होता? मावळातल्या इतर गावांप्रमाणे या गावांनाही गावकुसाबाहेर महारवाडा होता. त्याच्याही पलीकडे, रानाच्या कडेला कातकऱ्यांच्या झोपड्या होत्या. महाराकडे हाडकी-हाडोळ्याची जमीन असली तर ती गावकीच्या चाकरीच्या अटीवरची. त्याचे खरे उत्पन्न बलुते, म्हणजे खळ्यावरचे धान्य, मेलेले ढोर, येसकराची भाकर. हे सगळे अपमानाचे होते, बाबासाहेबांनी ते सोडायला लावले आणि १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाचे बिल आणून त्या गुलामीवर घाव घातला. पण विस्थापनाच्या हिशेबात त्याचा अर्थ काय होतो ते पाहा. गाव बुडाले की खळे बुडाले, खळे बुडाले की बलुते गेले. भूसंपादन कायदा जमिनीची किंमत करीत होता, झाडांची आणि घराची करीत होता. बलुत्याची किंमत कोणत्या कलमात होती? कातकऱ्याच्या कोळशाच्या भट्टीची, नदीतल्या माशाची, रानातल्या कंदाची किंमत कोणत्या कलमात होती? कोणत्याच नव्हती. म्हणजे ज्याच्याकडे सर्वांत कमी होते त्याचे सर्वच गेले आणि त्याला कायद्याने बाधितही धरले नाही.

मला कंपनीपेक्षाही या गोष्टीची खंत अधिक वाटते की सत्याग्रहाच्या बाजूनेही हा प्रश्न लढ्याचा मुद्दा झाला नाही. मावळा, शिवरायांची भूमी, काळी आई, असे सगळे बोलले गेले. काळी आई ज्याच्या नावावर कधी नव्हतीच, त्याने कोणत्या आईसाठी रडायचे?

आता या विजेच्या दुसऱ्या टोकाला जाऊ. गाव बुडालेला महार कुठे गेला असेल? पुण्यामुंबईकडे जाणाऱ्या हजारोंच्या वाटेनेच गेला असेल. खडकीचा दारूगोळा कारखाना, रेल्वे, गोदी आणि मुंबईच्या गिरण्या. ज्या गिरण्या मुळशीच्या पाण्यावरच्या विजेने फिरणार होत्या त्याच गिरण्या. तिथे त्याला कोणते काम मिळाले? साचेखात्यात, म्हणजे विणकामात, पगार चांगला होता. पण धोट्यातून सुताचे टोक तोंडाने ओढून काढावे लागे, आणि अस्पृश्याच्या तोंडाला लागलेला धोटा सवर्ण कामगाराच्या तोंडाला कसा लागेल? म्हणून साचेखाते अस्पृश्यांना बंद होते. कमी पगाराची खाती तेवढी उघडी. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी गिरणी कामगारांच्या लाल पुढाऱ्यांना नेमके हेच विचारले की तुमच्या मागण्यांच्या यादीत ही बंदी उठवण्याची मागणी का नाही? त्यांनी ती कुरकुरत घेतली. पुस्तकातून आम्हांला संपाचा हा इतिहास ठाऊक असतो. पण गिरणीतला तो साचा ज्या विजेवर फिरत होता ती आली कुठून, आणि तिच्यासाठी कोणाचा महारवाडा पाण्याखाली गेला, ही दोन टोके आपण अजून एकत्र बांधलेली नाहीत. नदी द्यायची, गाव द्यायचे, आणि त्या नदीवर चालणाऱ्या यंत्राला हात लावायचा नाही!

इथे काही मित्र म्हणतील, मग आंबेडकरी माणसाने धरणांना विरोध करावा काय? मेधाताईंच्या मोर्चात जावे काय? मी सरळ उत्तर देतो. आपण विजेचे विरोधक नाही आणि होऊ शकत नाही. खेड्यात परत चला, चरखा फिरवा, हा आपला मार्ग नव्हे. बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते, आणि मजूर खात्याबरोबर पाटबंधारे आणि वीज हे विषयही त्यांच्याकडे होते. ही गोष्ट अजूनही शाळेच्या पुस्तकात एका ओळीच्या वर जात नाही. दामोदर नदीला १९४३ मध्ये मोठा पूर आला. त्यानंतर बंगाल आणि बिहारची सरकारे एकमेकांकडे बोट दाखवीत असताना, जानेवारी १९४५ मध्ये कलकत्त्याला परिषद भरवून बाबासाहेबांनी एक नदी, एक योजना हा विचार मांडला. पूर अडवायचा, शेताला पाणी द्यायचे, वीज काढायची आणि जलवाहतूकही करायची, हे सगळे एकाच धरणमालिकेतून. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कटकला महानदीसाठी तसाच विचार झाला. केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ आणि केंद्रीय जलमार्ग, पाटबंधारे व नौकानयन आयोग याच काळात स्थापन झाले. आजचा केंद्रीय जल आयोग त्यातूनच आलेला आहे.

ऑक्टोबर १९४३ मध्ये विजेच्या धोरण समितीपुढे बोलताना त्यांनी पहिलाच प्रश्न ठेवला तो मालकीचा. वीज खासगी मालकीची असावी की राज्याच्या? खासगी असेल तर जनतेच्या हिताच्या कोणत्या अटी घालायच्या? वीज स्वस्त आणि मुबलक नसेल तर या देशाचे औद्योगिकीकरण होणार नाही आणि ते झाले नाही तर कोट्यवधी माणसे दारिद्र्याच्या चक्रातून सुटणार नाहीत, अशी त्यांची मांडणी होती. म्हणजे वीज कशासाठी, तर माणूस सुटावा यासाठी. भागधारकाच्या लाभांशाचा विचार त्यानंतर. पुढे मार्च १९४७ मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनतर्फे संविधान सभेसाठी तयार केलेल्या "स्टेट्स अँड मायनॉरिटीज" या निवेदनात त्यांनी हे पुरते स्पष्ट केले. पायाभूत आणि महत्त्वाचे उद्योग राज्याच्या मालकीचे, विमा राज्याचा, आणि शेतीसुद्धा राज्याचा उद्योग. जमीन गावकऱ्यांना जातिभेद न करता कसायला द्यायची, म्हणजे जमीनदार नको, कूळ नको आणि भूमिहीन मजूरही नको.

ही दोन कलमे वेगळी काढून वाचू नका. मालकी राज्याची एवढेच म्हणून भागत नाही. कोयना धरण राज्याचेच आहे, आणि तिथल्या धरणग्रस्तांच्या पुढच्या पिढ्यांनाही जमिनीसाठी आणि दाखल्यांसाठी मोर्चे काढावे लागले. सरकारी धरणात भूमिहीन मोजला गेला असे नाही. बाबासाहेबांच्या आराखड्यात विजेवर राज्याची मालकी आणि भूमिहीनाला जमीन ही एकाच लेखातली दोन कलमे आहेत. पहिले कलम देशाने अर्धेमुर्धे स्वीकारले, दुसरे बाजूला ठेवले. १९९१ नंतर पहिलेही मोडायला घेतले.

१९९१ मध्ये वीजनिर्मिती खासगी कंपन्यांना खुली झाली. भांडवलावर सोळा टक्के परताव्याची हमी देऊन पाहुण्यांना बोलावले गेले. महाराष्ट्राने दाभोळला एन्रॉन पाहिला, त्याबद्दल इथे वेगळे सांगायला नको. नदीवरचे उदाहरण शेजारच्या मध्य प्रदेशात आहे. खरगोन जिल्ह्यात नर्मदेवर महेश्वरचा चारशे मेगावॅटचा प्रकल्प एस. कुमार्स या कापड उद्योगातल्या घराण्याला दिला गेला, १९९४ साली वीजखरेदीचा करार झाला. जर्मन आणि अमेरिकी कंपन्या भागीदार म्हणून आल्या. नर्मदा बचाओ आंदोलनाने गावे उठवली, तेव्हा त्या एकेक करून निघून गेल्या. मग पैसा कोणी घातला? पॉवर फायनान्स कॉर्पोरेशन, आरईसी, हुडको, आयुर्विमा महामंडळ यांनी. म्हणजे तुमच्या माझ्या विम्याच्या हप्त्यांनी. नाव खासगी, पैसा सार्वजनिक! धरणाची भिंत उभी राहिली, बुडणाऱ्या एकसष्ट गावांचे पुनर्वसन झाले नाही, आणि अखेर एप्रिल २०२० मध्ये मध्य प्रदेश सरकारने करार रद्द केला, कारण त्या दराने वीज घेणे परवडत नव्हते. या महेश्वरमध्ये बाधित कोण होते तेही पाहा. जमीनवाले शेतकरी होतेच. पण केवट आणि कहार होते, जे उन्हाळ्यात नदीच्या वाळूत टरबुजे पिकवतात, मासे धरतात, नाव चालवतात आणि ज्यांच्या नावावर त्या वाळूचा एक कणही नाही. मुळशीचा कातकरीच पुन्हा नर्मदेवर भेटला म्हणायचा.

सिक्कीममध्ये तर याहून पुढचा खेळ झाला. तीस्ता नदीवर चुंगथांगजवळ बाराशे मेगावॅटचे धरण खासगी कंपनीच्या पुढाकाराने सुरू झाले. खर्च वाढला, कंपनी दमली, तेव्हा राज्य सरकारने हिस्सा वाढवून निम्म्याच्या वर नेला. २०१७ मध्ये वीज सुरू झाली. ऑक्टोबर २०२३ मध्ये वरच्या अंगाचे दक्षिण ल्होनाक हे हिमसरोवर फुटले आणि काही मिनिटांत ते धरण वाहून गेले. खाली माणसे मेली. लेपचा समाजाची तरुण मुले २००७ पासून तीस्तेच्या खोऱ्यातल्या धरणांविरुद्ध उपोषणाला बसत आली होती, त्यांचे ऐकायला कोणाला वेळ नव्हता.

आता पुन्हा आपल्या सह्याद्रीकडे या, कारण पाणी आपल्या उंबऱ्याशी आले आहे. उन्हाची आणि वाऱ्याची वीज वाढली, ती साठवायची कशी हा प्रश्न आला, आणि त्यावर "उदंचन जलविद्युत" हा उपाय पुढे आला. डोंगरावर एक तलाव, पायथ्याशी एक तलाव. दुपारी वीज स्वस्त असते तेव्हा पाणी वर चढवायचे, संध्याकाळी मागणी वाढली की तेच खाली सोडून वीज काढायची. तंत्र चांगले आहे, कोळसा जाळण्यापेक्षा केव्हाही बरे. पण हे तंत्र उंच कडा मागते, आणि असा कडा महाराष्ट्रात एकच आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये टाटा पॉवरने राज्य सरकारशी करार केला. पुणे जिल्ह्यात शिरवटा येथे १८०० मेगावॅट आणि रायगड जिल्ह्यात भिवपुरीला १००० मेगावॅट, खर्च सुमारे १३ हजार कोटी. डिसेंबर २०२३ मध्ये राज्याने याचे स्वतंत्र धोरण केले, आणि इतर बड्या कंपन्याही कोल्हापूरपासून माळशेजपर्यंतचे घाट मोजू लागल्या.

या प्रकल्पांत स्थानिक माणसाला काय मिळणार? जुन्या पद्धतीच्या जलविद्युत प्रकल्पांसाठी केंद्राचे २००८ चे धोरण आहे. त्यात राज्याला बारा टक्के वीज मोफत, शिवाय एक टक्का स्थानिक विकासासाठी, आणि प्रत्येक प्रकल्पग्रस्त कुटुंबाला दहा वर्षे दरमहा शंभर युनिट वीज द्यावी असे म्हटले आहे. फार नाही, पण काही तरी आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने उदंचन प्रकल्पांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि त्यात मोफत विजेची अट काढून टाकली. स्थानिक विकास निधीचीही गरज नाही असे ठरवले. कारण काय दिले? नदीपासून दूरच्या या प्रकल्पांत पर्यावरणाची हानी नगण्य असते आणि पुनर्वसनाचा प्रश्नच नसतो! दिल्लीत बसून ठरले की डोंगरमाथ्यावर कोणी राहत नाही. सह्याद्रीच्या माथ्यावर कातकरी, ठाकर, महादेव कोळी राहतात, धनगरांचे वाडे असतात, आणि उतारावरच्या गावांना बौद्धवाड्या आहेत. नकाशावर ती जागा रिकामी दिसते, कारण सातबाऱ्यावर ती दुसऱ्याच्या किंवा वनखात्याच्या नावावर असते.

शिवाय पाण्याचे काय? टाटांच्या धरणांतून आणि कोयनेतून भीमा-कृष्णेचे पाणी दरवर्षी पश्चिमेला जाते. टाटांचा वाटाच चाळीसेक टीएमसीच्या घरात आहे. सोलापूरकडे दुष्काळ पडला की ते पूर्वेला सोडा अशी मागणी होते, पावसाळा आला की विसरली जाते. दुष्काळात स्थलांतर करणारे, ऊसतोडीला जाणारे आणि टँकरच्या रांगेत शेवटी उभे राहणारे कोण, हे या पानाच्या वाचकाला सांगण्याची गरज नाही. तरीही ही चर्चा बागायतदार आणि कंपनी यांच्यातच होते, आपण तिच्यात नाही.

म्हणून मी कार्यकर्त्यांना भाषणापेक्षा कागदाचे काम सांगतो. २०१३ चा भूसंपादन कायदा १ जानेवारी २०१४ पासून लागू आहे. १८९४ च्या कायद्यात जे कुठेच नव्हते ते या कायद्यात "बाधित कुटुंब" या व्याख्येत आले आहे. ज्याच्या नावावर जमीन नाही पण जो संपादनाच्या आधी तीन वर्षे त्या गावात शेतमजूर, कूळ, बटईदार किंवा कारागीर म्हणून राबला आणि ज्याचे मुख्य पोट त्यावर होते, तो बाधित आहे. जंगलावर आणि पाण्यावर जगणारा, मासे धरणारा, नाव चालवणारा, तोही बाधित आहे. अनुसूचित जाती-जमातीच्या कुटुंबाची जमीन गेली तर जमिनीच्या बदल्यात, ठरावीक मर्यादेपर्यंत, जमीन देण्याची तरतूद आहे. खासगी कंपनीसाठी सरकार जमीन घेणार असेल तर ऐंशी टक्के बाधितांची संमती लागते आणि सामाजिक परिणामांची जाहीर सुनावणी घ्यावी लागते. मुळशीच्या महाराला यातले काहीच मिळाले नव्हते.

पण कंपन्यांचे वकील आपल्यापेक्षा आधी कायदा वाचतात. सरकारमार्फत संपादन टाळून जमीनदाराकडून थेट खरेदी केली आणि ती राज्याने ठरवलेल्या मर्यादेच्या आत ठेवली की पुनर्वसनाचे ओझे अंगावर येत नाही. मावळ-मुळशीत जमिनीचे दलाल गावोगाव आहेत. सातबारावाला सही करतो, चांगला भाव घेतो, पुण्यात फ्लॅट घेतो. त्याच्या शेतावर वीस वर्षे राबलेल्या माणसाला जेसीबी आल्यावर कळते. शंभर वर्षांपूर्वीचा पुण्याचा सावकार आणि आजचा हा सातबारावाला यांत फारसा फरक नाही. जात मात्र बदलली असेल.

तेव्हा ज्या गावाच्या डोंगरावर मोजणीच्या खुंट्या दिसतील तिथल्या शाखेने पहिल्यांदा आपल्या वाडीतल्या आणि शेजारच्या कातकरवाडीतल्या भूमिहीनांची यादी करावी. कोण कोणाच्या शेतावर किती वर्षे आहे, रोजगार हमीचे जॉबकार्ड कोणाकडे आहे, रेशनकार्डावर गावाचे नाव आहे का, वनहक्काचा दावा दाखल आहे का, एखादे महार वतनाचे किंवा गायरानाचे शेत परस्पर दुसऱ्याच्या नावावर चढले आहे का, हे सगळे लिहून काढावे. तलाठ्याकडून फेरफाराच्या नकला घ्याव्यात. मग ती यादी ग्रामसभेत वाचून ठरावाला जोडायला लावावी आणि तिची पोच घेऊन एक प्रत प्रांताधिकाऱ्याकडे द्यावी. ग्रामसभा चावडीवर न भरता एकदा बौद्धवाडीच्या विहारासमोर भरावी, अशीही मागणी करायला हरकत नाही. पाटलाच्या घरच्यांना तेवढे अंतर चालता येते.

त्या कॉलेजच्या मुलाने यंदा पुन्हा महाडला येणार म्हणून सांगितले आहे. त्याचे आजोळ मावळातले. या खेपेला आजीला विचारून तो तिच्या वाडीतल्या घरांची नावे वहीत लिहून आणणार आहे.